दाट रचनेतली मोठी फट

श्रोतेहो, नमस्कार.

फळवाल्याच्या गाडीवर मोसंब्यांचा मनोरा रचलेला असतो. खालच्या थरात जो खळगा पडतो, त्यात वरचं फळ बसतं. एकसारखे गोल याहून दाट रचताच येत नाहीत, असं योहान्स केप्लरनं १६११ साली म्हटलं. त्याची सिद्धता थॉमस हेल्स यांनी दिली ती थेट १९९८ साली. या रचनेत ७४ टक्के जागा भरते. तांबं, ॲल्युमिनियम, सोनं, चांदी, सगळ्यांचे अणू असेच रचलेले असतात.

लोखंडाचं तसं नाही. थंड लोखंडात घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि मधोमध एक, अशी मांडणी असते. ती जरा सैल, ६८ टक्के भरलेली. हे फेराइट. तापवत नेलं की शुद्ध लोखंडात ९१२ अंश सेल्सिअसला अणू जागा बदलतात आणि मोसंब्यांची ती दाट रचना तयार होते. हे ऑस्टेनाइट. तापताना लांबत चाललेली लोखंडी तार या टप्प्यावर चक्क आखडते. ६८चे ७४ झाले म्हणजे आकारमान आठेक टक्क्यांनी घटायला हवं, पण घटतं जेमतेम एक टक्का. कारण अणू काही टणक गोल नव्हे. शेजारी ८चे १२ झाले की दोन अणूंमधलं अंतर थोडं वाढतं.

लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होतं. आता सांगा, कार्बन कुठल्या लोखंडात जास्त मावेल? सैल रचनेत, असं वाटणं साहजिक आहे. पण होतं नेमकं उलट. ७२७ अंशांना फेराइटमध्ये वजनानं जास्तीत जास्त ०.०२२ टक्के कार्बन विरघळतो, म्हणजे लोखंडाच्या हजारेक अणूंमागे एक. त्याच तापमानाला ऑस्टेनाइट ०.७७ टक्के घेतं, म्हणजे अठ्ठावीस अणूंमागे एक!

इथे एकूण रिकाम्या जागेपेक्षा एकेका फटीचं माप बघायचं. सैल रचनेत फटी पुष्कळ, पण चिमुकल्या. कार्बन ज्या फटीत बसतो, तिथे न ढकलता मावणाऱ्या गोलाची त्रिज्या लोखंडाच्या अणूच्या ०.१५५ पट असते. दाट रचनेत तशा फटी थोड्या, पण त्रिज्या ०.४१४ पट. तरीही कार्बनला ती अपुरीच. शेजाऱ्यांना रेटून तो बसतो, पण बसतो.

पोलादाला पाणी देणं, म्हणजे तापवून एकदम निववून कठीण करणं, उभं आहे ते यावरच. ०.८ टक्के कार्बनच्या साध्या पोलादाची छिन्नी घ्या. टोकाकडचा तीन-चार सेंटिमीटर भाग तापवा आणि अधूनमधून चुंबक लावून बघा. ऑस्टेनाइटला चुंबक चिकटत नाही. चिकटणं थांबलं की आणखी तीस-चाळीस अंश चढू द्या आणि लगेच पाण्यात बुडवा. सावकाश निवलं असतं, तर कार्बन बाहेर पडून सिमेंटाइटचे, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या संयुगाचे, पापुद्रे झाले असते. एकदम निवल्यामुळे तो आतच अडकतो, रचना एका बाजूला ताणली जाते आणि कठीण मार्टेन्साइट तयार होतं. ५५० अंशांच्या आसपासचा टप्पा सेकंदाभरात ओलांडावा लागतो, म्हणून छिन्नी पाण्यात हलवत राहायचं. नाहीतर भोवती वाफेचं आवरण धरतं आणि मऊ डाग राहतात.

तडे जातात ते बहुतेक याच क्षणी. मार्टेन्साइट होताना पोलाद फुगतं. बाहेरची कातडी आधी फुगून कडक होते, गाभा मागाहून फुगतो आणि कातडीला फाडतो. काटकोनी खाचा आणि भोकांच्या कडा इथून सुरुवात होते. जास्त तापवल्यानं चांगलं पाणी चढतं हा समज तर अगदीच घातक. ऑस्टेनाइटचे कण मोठे होतात आणि धार ठिसूळ होते. गाडीच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यांच्या मिश्र पोलादाला पाणी नको, तेल द्या. ते सावकाश निवलं तरी कठीण होतं.

मग कानस फिरवून बघा. घसरली तर पाणी नीट चढलं. चावली, तर लगेच निराश होऊ नका. भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो. वरचा पातळ थर घासून काढा आणि पुन्हा कानस लावा.

अशी छिन्नी तशीच वापरली तर पहिल्याच घावाला टवका उडेल. हा ठिसूळपणा कमी करायला एक बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत करा आणि मागच्या बाजूनं मंद आच द्या. आधी फिकट पिवळा रंग येईल, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा म्हणजे सुमारे २८० अंश. तो धारेपर्यंत पोचला की पाण्यात टाका. हातोडी बसते त्या डोक्याला मात्र मुळीच पाणी देऊ नका, त्याची कपची उडून डोळ्यात जाते.