जळालेल्या इंधनाचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की राजापूर तालुक्यात बोलणं बहुतेक दोन गोष्टींवर येऊन थांबतं. माडबन-मिठगवाण्याच्या बाजूला जमिनीचा मोबदला निघतो, आणि साखरी नाट्याकडे समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याचा विषय निघतो. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण तिसरा एक प्रश्न या दोघांपेक्षा जास्त वर्षं टिकणारा आहे आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. अणुभट्टीत जळून झालेलं, म्हणजे वापरून झालेलं युरेनियमचं इंधन जाणार कुठे?

आधी आकार समजून घेऊ. माडबनच्या सड्यावर प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, म्हणजे एकूण 9900 मेगावॅट, असा मूळ आराखडा होता. हजार मेगावॅटच्या अशा भट्टीतून वर्षाला साधारण 20 ते 25 टन जळालेलं इंधन निघतं. म्हणजे सहाही भट्ट्या चालल्या तर ढोबळमानानं वर्षाला दोनशे-अडीचशे टन. आकडा मोठा वाटतो, पण युरेनियम फार जड असतं. कोळशाच्या केंद्रातून निघणाऱ्या राखेपुढे हा ढीग अगदीच लहान. अणुऊर्जेचे समर्थक हे सांगतात तेव्हा ते खरं सांगत असतात.

अडचण टनांची नाहीच, वर्षांची आहे. या इंधनातल्या सीझियम आणि स्ट्रॉन्शियमचा किरणोत्सार निम्मा व्हायला सुमारे 30 वर्षं लागतात. प्लुटोनियम-239 चा निम्मा व्हायला 24 हजार. आपल्या सड्यांवरची कातळशिल्पं किती जुनी, यावर तज्ज्ञ वाद घालतात, पण हा हिशेबही तसाच हजारो वर्षांचा आहे.

आता आपल्या सरकारचं उत्तर. भारत जळालेल्या इंधनाला कचरा मानत नाही. होमी भाभांनी आखलेल्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमात त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम रासायनिक प्रक्रियेनं वेगळं काढून पुन्हा वापरायचं ठरलं आहे. उरतो तो दोन-तीन टक्के जहाल भाग. तो काचेत वितळवून पोलादी डब्यांत भरतात आणि काही दशकं थंड होऊ देतात. हे काम ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पाक्कमला चालतं, आणि ते काम आपल्या शास्त्रज्ञांना उत्तम येतं, यात शंका नको.

पण तारापूरचाच दुसरा अनुभवही ध्यानात ठेवायला हवा. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 मध्ये तिथे, म्हणजे कोकणच्याच उत्तर टोकाला, सुरू झालं. भट्ट्या अमेरिकी, इंधनही अमेरिकी. 1974 मध्ये पोखरणला स्फोट झाला आणि वॉशिंग्टनचा सूर बदलला. इंधनाचा पुरवठा पुढे आटला, आणि जळालेल्या इंधनावर प्रक्रिया करण्याची मुभा आहे की नाही, यावर दोन्ही सरकारं वर्षानुवर्षं वाद घालत बसली. इंधन मात्र भट्टीतून निघतच होतं. ते केंद्रातल्या, इंधन थंड करायच्या पाण्याच्या तलावात साचत गेलं आणि त्याच आवारात जास्तीची साठवण बांधावी लागली. भांडण दिल्ली-वॉशिंग्टनचं, ठेव मात्र पालघरच्या किनाऱ्यावर! जैतापूरच्या भट्ट्याही परदेशी आहेत, म्हणून हे आठवतं.

काचेचे डबे तरी शेवटी कुठे जाणार? खोल खडकात पुरायचे, असं जगभरचे तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत त्याचे प्रयोगही झाले होते. 2013 मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं केंद्र चालवायला परवानगी दिली, पण भट्टीपासून वेगळी साठवण पाच वर्षांत उभारा आणि कायमचा भूगर्भसाठाही लवकरात लवकर करा, असं बजावलं. वेगळ्या साठवणीसाठी मुदत वाढवून घ्यावी लागली. कायमच्या जागेबद्दल अणुऊर्जा विभागाचं म्हणणं असं, की उरणारा भाग इतका थोडा आहे की सध्या तिची गरजच नाही. मला हे उत्तर पटत नाही. साठ वर्षं चालायच्या भट्ट्या मागणाऱ्यानं साठाव्या वर्षाचंही बोलायला हवं.

फिनलंडनं ते बोलून दाखवलं. युराजोकी नावाची तिथली एक छोटी नगरपालिका आहे. जैतापूरला यायची त्याच जातीची, युरोपातली पहिली भट्टी तिच्याच हद्दीत, ओल्किलुओटोला आहे. 2005 मध्ये काम सुरू झालं आणि नियमित वीज यायला 2023 उजाडलं, हेही सांगून ठेवतो. त्याच परिसरात चारशे मीटरहून खोल, जुन्या खडकात जळालेल्या इंधनाची कायमची जागा खोदली गेली. आणि मुख्य गोष्ट म्हणजे तिथल्या कायद्यानं नगरपालिकेला नकार द्यायचा अधिकार आहे. 2000 साली तिथल्या सदस्यांनी मतदान केलं, 20 विरुद्ध 7. नाही म्हटलं असतं तर प्रकल्प तिथे झाला नसता. मालमत्ता कराचा लोभ होता का? होता, लपवायचं कशाला. पण विचारणा खरी होती.

आपल्याकडे ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, ते कागदावर राहिले. 2010 मध्ये पर्यावरण मंजुरी आली ती 35 अटींसह. अटी घालणारं दिल्लीचं मंत्रालय, त्या पाळणारं केंद्र सरकारचंच अणुवीज महामंडळ.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं संमत केलेल्या नव्या कायद्यानं अणुवीज केंद्रांत खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली आहे. जळालेल्या इंधनावरची प्रक्रिया आणि जहाल कचरा मात्र केंद्र सरकारकडेच राहील. एका परीनं ते बरंच. पण नफा कंपनीचा आणि हजारो वर्षांची राखण सरकारची, ही वाटणी गावच्या सभेत कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवी. पुढच्या जनसुनावणीत मोबदल्याच्या दराआधी तीन गोष्टी लेखी मागा: जळालेलं इंधन माडबनच्या आवारात जास्तीत जास्त किती वर्षं राहील, तिथून रस्त्यानं जाणार की समुद्रानं, आणि ठरलेल्या मुदतीत ते हललं नाही तर नवी भट्टी सुरू करणं थांबेल का.

नमस्कार.