सत्तावीस वर्षांनी लागणारं ग्रहण

डिसेंबरमधली रात्र. गच्चीवरून ईशान्येला पाहिलं की एक ठळक, पिवळसर तारा लगेच सापडतो. ब्रह्महृदय. त्याच्या शेजारीच फिक्या ताऱ्यांचा एक चिंचोळा त्रिकोण आहे. त्यातला ब्रह्महृदयाच्या सर्वांत जवळचा तारा म्हणजे एप्सिलॉन ऑरिगी, ऊर्फ अलमाझ.

गच्चीवर एक मुलगी बसली आहे. तिचे हात बघा. बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद, मांडीवर वही. दुर्बीण नाही, आणि ती लागतही नाही. त्रिकोणातला ईटा ३.२ प्रतीचा, झीटा साधारण ३.८ चा. आकडा लहान, तितका तारा तेजस्वी. या दोघांच्या तुलनेत अलमाझ कुठे बसतो, एवढंच ठरवायचं. ती आधी डोळे अंधाराला सरावू देते. मग या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर नजर फिरवते. एकाकडे टक लावायची नाही. कालची नोंदही उघडायची नाही, कारण कालचा आकडा कळला की डोळा तोच पाहू लागतो. (झीटा स्वतःच जोडतारा आहे. दर ९७२ दिवसांनी तो थोडा मंदावतो, तेव्हा तुलनेला दुसरा तारा घ्यायचा.) आज अलमाझ ईटापेक्षा थोडा उजळ आहे. ती लिहिते: ३.०. तारीख, वेळ, आकाश स्वच्छ.

१८२१ साली जर्मनीतल्या योहान फ्रिच या धर्मोपदेशकाच्या नजरेला हा तारा मंदावलेला आला. हे दर २७ वर्षांनी घडतं, हे उमगायला विसावं शतक उजाडावं लागलं. उजेड जवळपास निम्मा होतो आणि सारा प्रकार सुमारे दोन वर्षं चालतो. इतका वेळ प्रकाश अडवणारं आहे तरी काय? १९६५ मध्ये सू-शू हुआंग यांनी सुचवलं: धुळीची प्रचंड तबकडी, आपल्याकडे कड करून असलेली.

ऑगस्ट २००९ मध्ये ग्रहण लागलं, तेव्हा अमेरिकेतल्या रूपविकारी (तेज बदलणारे) तारे निरीक्षकांच्या संघटनेने जगभरच्या सामान्य माणसांना याच्या नोंदी ठेवायची हाक दिली. जूनच्या सुमारास सूर्य आकाशाच्या याच भागात असतो, म्हणून आपल्याकडच्या नोंदींत खंड पडतो. पार उत्तरेकडची माणसं तो भरून काढतात. त्याच हिवाळ्यात अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेवरच्या दुर्बिणी एकत्र जोडून ग्रहणाची चित्रं मिळाली. त्यांत ताऱ्यावर सरकत येणारी काळी सावली दिसते. तीच ती तबकडी.

पुढचं ग्रहण २०३६ मध्ये. मग आत्ता वही कशाला? ग्रहण नसतानाही अलमाझचं तेज थोडं कमीजास्त होत असतं. ती सवय ठाऊक नसेल, तर ग्रहण नेमकं कधी लागलं हे ठरवता येत नाही. त्यासाठी काहीच न घडणाऱ्या रात्रींची नोंद हवी.

तिच्या वहीतली ही एकेचाळिसावी ओळ.