विद्यापीठाचा आराखडा कपाटात का जातो

नमस्कार मंडळी. आज मला विद्यापीठाच्या आराखड्याबद्दल बोलायचंय, म्हणजे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत विद्यापीठाने कुठे वाढायचं, काय नवं सुरू करायचं आणि काय थांबवायचं हे ठरवणारा जो कागद असतो ना, त्याच्याबद्दल. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका, कारण तुमच्या घरातलं कोणीतरी तिथे शिकलेलं असतं, शिकत असतं नाहीतर शिकायला जाणार असतं, आणि त्या कागदावर जे लिहायचं राहून गेलं ते शेवटी त्या पोरांना भोगावं लागतं.

मी स्वतः अशा एका समितीवर होतो. पहिल्या दोन मीटिंग व्हिजनच्या एका वाक्यावर गेल्या, जागतिक दर्जाचं विद्यापीठ म्हणायचं की उत्कृष्टतेचं केंद्र म्हणायचं यावर लोक अगदी पोटतिडकीने बोलले. तिसऱ्या मीटिंगला आस्थापना विभागातल्या एक बाई आल्या होत्या, त्यांनी सोबत एक यादी आणली होती, पुढच्या सात वर्षांत कोण कोण रिटायर होणार त्याची. ती बघितली आणि आम्ही सगळे गप्पच झालो. एका विभागातले सगळे कायम प्राध्यापक चार वर्षांत जाणार होते, आणि त्याच विभागात नवं संशोधन केंद्र काढायचं असं आम्ही आदल्या मीटिंगला ठरवून मोकळे झालो होतो. मला फार लागलं ते, कारण ती माहिती कायम तिथेच होती, दोन खोल्या पलीकडे, आम्ही कोणी विचारलीच नव्हती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, सुरुवात स्वप्नांपासून करू नका, जे आधीच ठरून गेलंय तिथून करा. आता बघा, अठरा वर्षांनी जे मूल ॲडमिशन घेणार ते आज कुठेतरी पाळण्यात आहे, म्हणजे तो आकडा अंदाजाचा नाहीये, मोजता येण्यासारखा आहे. जपानमध्ये १९९२ साली अठरा वर्षांची मुलं साधारण साडेवीस लाख होती, २०२२ पर्यंत ती अकरा लाखांच्या आसपास आली, जवळजवळ निम्मी, आणि ही घट किती तरी वर्षं आधी दिसत होती. पण याच काळात तिथली विद्यापीठं सव्वापाचशेवरून आठशेच्या घरात गेली. शिकणाऱ्यांचं प्रमाण वाढलं म्हणून बरीच वर्षं निभावलं, पण २०२३ मध्ये निम्म्याहून जास्त खासगी विद्यापीठांच्या जागा पूर्ण भरल्या नाहीत. तिथे शिकवणाऱ्या माणसांचा विचार करा, चाळिशी-पन्नाशीत विभाग बंद होतो म्हणून कळतं आणि तोवर दुसरीकडे जायची वाट राहिलेली नसते.

दुसरी गोष्ट नाही म्हणण्याची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये एक मास्टर प्लॅन केला, क्लार्क केर हे तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि त्यांचा त्यात मोठा वाटा. युद्धानंतर जन्मलेल्या मुलांची लाट कॉलेजच्या दारात येणार हे दिसत होतं आणि प्रत्येक संस्थेला सगळंच करायचं होतं, सगळ्यांना पीएचडी हवी, सगळ्यांना संशोधन हवं. प्लॅनने कामं वाटून दिली. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठात जागा, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट कॉलेजमध्ये, आणि दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं ज्याला शिकायचंय त्या सगळ्यांना खुली, तिथून पुढे मोठ्या विद्यापीठात बदली घ्यायची सोय. स्टेट कॉलेजांना स्वतंत्रपणे पीएचडी देता येणार नाही असं स्पष्ट ठरलं, त्यांना ते आवडलं नसणारच, पण प्रत्येकाला आपलं काम काय ते कळलं.

मात्र याच प्लॅनमध्ये एक कच्चा दुवा राहिला तोही सांगायला हवा. राज्यातल्या विद्यार्थ्यांकडून शिकवणी फी घ्यायची नाही हे तत्त्व त्यात होतं, पण पैसे किती द्यायचे ते दरवर्षीच्या बजेटमध्ये ठरणार होतं, मग सरकारचा हात आखडत गेला तशी फी आली आणि वाढत गेली. आराखडा एकीकडे आणि बजेट दुसरीकडे असं झालं की बजेटच जिंकतं. म्हणून मी कुठलाही आराखडा हातात आला की शेवटून वाचतो, पैशाच्या पानापासून. प्रत्येक कामासमोर रक्कम आहे का, जबाबदार माणूस आहे का, आणि नव्यासाठी पैसे कुठल्या जुन्या कामातून काढणार ते लिहिलंय का. बहुतेक वेळा नवीन केंद्रांची यादी दोन पानं असते आणि बंद काय करणार यावर एक ओळसुद्धा नसते, कारण बंद म्हटलं की कोणाचं तरी मन दुखावतं. पण ते न लिहिल्याने काय होतं, सगळेच विभाग अर्धपोटी राहतात, लॅबमधली मशीन दुरुस्तीवाचून पडून राहतात आणि तासावर येणाऱ्या शिक्षकांवर पदवीचे वर्ग ढकलले जातात.

आता वाटेल की सगळं मोजूनमापूनच करायचं का, तर नाही. मँचेस्टरमध्ये २००४ च्या ऑक्टोबरमध्ये दोन विद्यापीठं एकत्र होऊन नवं विद्यापीठ झालं, त्यांचं ध्येय मोठं होतं, २०१५ पर्यंत जगातल्या पहिल्या पंचवीसात यायचं, नोबेल मिळालेली माणसं आपल्याकडे आणायची. आणि त्याच महिन्यात तिथल्याच आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांचा ग्राफीनवरचा, म्हणजे कार्बनच्या फक्त एका अणूइतक्या जाडीच्या थरावरचा, पेपर आला. ग्राफाइटचे, म्हणजे पेन्सिलीत असतं त्या पदार्थाचे, थर त्यांनी साध्या चिकटपट्टीने सोलून काढले होते, आणि हे काम सुरू झालं ते त्यांच्या शुक्रवार संध्याकाळच्या प्रयोगांमधून, म्हणजे ठरलेल्या प्रोजेक्टच्या बाहेर जाऊन सहज काहीतरी करून बघायचं त्यातून. २०१० चं नोबेल त्या दोघांना मिळालं. असा शोध कुठल्या आराखड्यात लिहिता येणार? पण शुक्रवारची संध्याकाळ मोकळी ठेवता येते, थोडे पैसे आणि थोडा वेळ कोणत्याही टार्गेटशिवाय सोडता येतो, शेतकरी जमिनीचा एक तुकडा पड ठेवतो तसा. मला तर वाटतं आराखड्यात हे आकड्यासकट लिहावं, नाहीतर पहिल्या काटकसरीत तेच कापलं जातं.

आमच्या समितीचं पुढे काय झालं तर, त्या बाईंना आम्ही कायम बोलवायला लागलो, मग हॉस्टेलचे रेक्टर, ग्रंथपाल, लॅब असिस्टंट, दुसऱ्या वर्षाची मुलंही. एका मुलीने विचारलं, मागच्या आराखड्याचं काय झालं? आम्ही शोधला, कपाटात सापडला, त्यातल्या बऱ्याच गोष्टी आम्ही नव्याने सुचलेल्या म्हणून परत लिहीत होतो. मग पुढची पूर्ण मीटिंग आम्ही तो जुना कागद ओळीने वाचला, झालेल्या कामासमोर खूण केली आणि न झालेल्यासमोर कारण लिहिलं.

तुमच्या विद्यापीठाने सूचना मागवल्या की नक्की पाठवा, माजी विद्यार्थी असाल, पालक असाल तरी पाठवा. आणि नवा मसुदा वाचण्याआधी जुना मागून घ्या.