सिस्टरच्या हातातली सिरिंज

श्रोतेहो, नमस्कार.

इन्सुलिनच्या दोन सिरिंज डोळ्यांसमोर आणा. एकीचं टोपण लाल, दुसरीचं नारिंगी. लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी, नारिंगी टोपणाची १०० युनिटवाल्यासाठी. आपल्याकडे वॉर्डात दोन्ही असतात. बाटली बहुधा चाळीसची, इन्सुलिन पेनचं कार्ट्रिज, म्हणजे पेनात बसणारी औषधाची नळी, शंभरचं. आता रात्री दोन वाजता पेनच्या सुया संपल्या, म्हणून कुणी कार्ट्रिजमधूनच लाल सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर पेशंटला जातात २५ युनिट. अडीचपट. पेशंट बरोबर, औषध बरोबर, वेळ बरोबर, वाचलेला आकडासुद्धा बरोबर. आणि पहाटे साखर कोसळलेली.

डॉक्टरांच्या हातून चूक झाली तर फार्मसिस्ट पकडू शकतो, फार्मसिस्टची चूक सिस्टरला दिसू शकते. सिस्टरच्या पुढे मात्र फक्त पेशंट असतो. म्हणून औषध देतानाच्या चुका टाळण्याच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे एआयचा, खरा उपयोग व्हायचा तर तो या शेवटच्या पायरीवर व्हायला हवा.

पाया आहे साध्या बारकोडचा. पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, मग औषध स्कॅन करायचं. डॉक्टरांच्या ऑर्डरशी जुळलं तरच द्यायचं. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधला २०१०चा अभ्यास सांगतो, की अशा पद्धतीने औषध देतानाच्या, वेळेच्या चुका सोडून इतर चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. यात एआय काहीच नाही. पण हा पाया नसेल तर वरचा एआय कशाच्या जोरावर बोलणार?

बारकोड फक्त एवढंच बघतो, की ऑर्डर आणि औषध जुळतं का. ऑर्डरच चुकीची असेल तर? इथे एआय आधीच्या हजारो पेशंटच्या नोंदी पाहून शिकतं, की अशा वयाच्या, अशा आजाराच्या, अशा रिपोर्टच्या माणसाला हे औषध सहसा दिलं जातं का. मधुमेह नसलेल्या आजोबांच्या चार्टवर साखर कमी करणारी गोळी दिसली, की ते सावधतेची सूचना देतं. इस्रायलच्या शेबा मेडिकल सेंटरमध्ये मेडिसिन वॉर्डात अशी यंत्रणा वापरून पाहिली. निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाले. हजार ऑर्डरींमागे सूचना आल्या फक्त चार, आणि त्यांतल्या ८५ टक्के वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरल्या. माझ्या मते ‘फक्त चार’ हीच यातली मोठी गोष्ट. जुनी, ठरीव नियमांवर चालणारी सॉफ्टवेअर इतक्या वेळा वाजतात की बऱ्याचशा सूचना डावलल्या जातात, आणि त्यांत खरी सूचनाही जाते.

आता आपल्या लाल सिरिंजकडे परत येऊ. स्कॅनर तिला पकडणार नाही, कारण कार्ट्रिज बरोबरच आहे आणि सिरिंज कुणी स्कॅन करत नाही. ती दिसेल कॅमेऱ्याला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ऑपरेशन थिएटरात भूल देणाऱ्यांच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवून, कुठल्या बाटलीतलं औषध कुठल्या सिरिंजमध्ये जातंय हे एआयला ओळखायला लावलं. बाटल्यांची अदलाबदल त्याने ९९.६ टक्के वेळा पकडली. हे एआय लेबलवरची अक्षरं वाचत नाही. टोपणाचा रंग, बाटलीचा आकार, छपाईचा ठसा यांवरून ओळखतं. हीच त्याची मेख आहे. आपल्याकडे दर टेंडरला कंपनी बदलते, लेबल बदलतं, आणि कालपर्यंत शिकलेला कॅमेरा आज चकतो. नवा माल वॉर्डात पोचण्याआधी त्याचे फोटो यंत्रणेला दाखवणं हे कुणाचं तरी ठरलेलं काम असलंच पाहिजे.

दुसरी अडचण कोडची. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतात ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. पण लेबलवर जागा नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर चालतो. ॲम्प्युल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बंद कुपी, खोक्यातून निघून ट्रेमध्ये पडली, की कोड गेला. शरीरातलं पोटॅशियम कमी झालं की देतात, त्या पोटॅशियम क्लोराईडचंच बघा. त्याची ॲम्प्युल दिसायला कधी कधी डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्युलसारखीच. न मिसळता थेट शिरेत गेली तर हृदय थांबतं. अशा औषधांवर रुग्णालयाच्या फार्मसीने स्वतः कोड छापून चिकटवावेत, आणि सुरुवात पोटॅशियम, रक्त गोठू न देणारं हेपरिन, इन्सुलिन या तिघांपासून करावी. सगळी औषधं एकदम घेतली तर काम अर्ध्यावर सुटतं.

आणि वजन. लहान मुलाचा डोस किलोवर ठरतो. केसपेपरवर वजन अंदाजाने लिहिलेलं असेल तर एआय त्या चुकीच्या वजनावर बिनचूक हिशेब करून देतं. म्हणून भरतीच्या वेळी काट्यावर घेतलेलंच वजन भरायचं. फोनवरच्या चॅटबॉटला डोस तर अजिबात विचारू नये. पेशंटचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारा रक्ताचा रिपोर्ट, त्याला माहीत नसतं, तरी उत्तर ठामपणे देतो.

यंत्रणा यायला वेळ लागेल. तोवर आजच करता येईल ते असं: कार्ट्रिज आणि लाल टोपणाच्या सिरिंज वेगवेगळ्या खणांत ठेवा. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा, नुसता इंग्रजी ‘यू’ नको. घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. आणि नातेवाईकांनो, सिस्टर ट्रॉलीपाशी औषध ओढत असेल तेव्हा तिला हाक मारू नका. सलाईन संपत आलं असेल तर बेडजवळची घंटा वाजवा, दुसरं कुणीतरी येईल.