राष्ट्राध्यक्ष घरी गेला, पण त्याने नेमलेला जज चौतीस वर्षं बसला!

नमस्कार मंडळी. चहा घेऊन बसा, आज मला थोडं भांडायचंय.

मागच्या महिन्यात अमेरिकेच्या निवडणुकीवर व्हिडिओ केला होता. त्याखाली एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत किमान पंचवीस जणांनी विचारलाय. "ताई, ट्रम्पनेच नेमलेले जज ट्रम्पच्या विरोधात कसे जातात? मग नेमून उपयोग काय?" एका काकांनी तर थेट लिहिलंय, "हे जज नमकहराम आहेत." काका, तुमच्यासाठीच आहे आजचा व्हिडिओ.

त्याआधी एक दुरुस्ती. अमेरिकेचा तो राष्ट्राध्यक्ष, आपले ते राष्ट्रपती. हे मी शेवटचं सांगतेय. (शेवटचं नाहीये, मला माहितीये.) आपल्या राष्ट्रपतींच्या सहीने न्यायमूर्ती नेमले जातात हे खरं, पण नावं सुचवतं ते न्यायाधीशांचंच कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींची समिती. म्हणून प्रतिभाताई पाटील यांच्या काळात नेमलेले न्यायमूर्ती 'प्रतिभाताईंचे जज' असं आपण कधी म्हणत नाही. तिकडे मात्र सर्रास म्हणतात.

आता पद्धत पटकन सांगते, ही शाळेतलीच गोष्ट आहे. सुप्रीम कोर्टात नऊ न्यायमूर्ती, १८६९ पासून नऊच. जागा रिकामी झाली की राष्ट्राध्यक्ष नाव देतो, सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह, साध्या बहुमताने हो किंवा नाही म्हणतं. हो म्हटलं की माणूस तहहयात. निवृत्तीचं वय नाही. झालं, पुढे.

नाही, थांबा, 'तहहयात' वरून पुढे जाता येणार नाही. सगळी गंमत तिथेच आहे.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले ते २०२५ मध्ये, जेमतेम सहा महिन्यांसाठी. सरन्यायाधीशपदी सगळ्यांत जास्त काळ राहिले ते यशवंत विष्णू चंद्रचूड, तेही सात वर्षं आणि थोडं वर. आणि अमेरिकेत? जॉन मार्शल. १८०१ ते १८३५. चौतीस वर्षं! त्यांना नेमलं कुणी? जॉन अ‍ॅडम्स यांनी. कधी? निवडणूक हरल्यानंतर! जेफरसन जिंकलेत, अ‍ॅडम्स सामान बांधायच्या तयारीत आहेत, आणि जाता जाता सरन्यायाधीश नेमून गेले. खरं तर आधी जॉन जे यांना, म्हणजे देशाच्या पहिल्या सरन्यायाधीशांना, विचारलं होतं. त्यांनी नकार दिला, त्या कोर्टात काही वजनच उरलेलं नाही म्हणाले. मग मार्शल आले आणि १८०३ मध्ये मार्बरीच्या खटल्यात त्यांनी ठरवून टाकलं की संसदेचा कायदा घटनेत बसत नसेल तर कोर्ट तो रद्द ठरवू शकतं. जेफरसन आठ वर्षं सत्तेवर होते आणि हरलेल्या अ‍ॅडम्सचा माणूस समोर बसलेला. जेफरसन जाऊन आणखी चार राष्ट्राध्यक्ष आले, तरी मार्शल आपले खुर्चीवर.

माझी भाची एडिसनला असते, न्यू जर्सीत. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा ती नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे प्रश्न विचारायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. ती पोळ्या लाटतेय, मी ओट्याशी उभी राहून विचारतेय. "सरन्यायाधीश कोण?" "जॉन रॉबर्ट्स." "बरोबर. त्यांना नेमलं कुणी?" लाटणं थांबलं. "मावशी, हे कुठे विचारतात?" नाही विचारत हो परीक्षेत. पण तीस वर्षं शिकवून लागलेली खोड आहे. उत्तर आहे धाकटे बुश, २००५. बुश म्हटलं की तिला इराक आठवलं, अकरा सप्टेंबर आठवलं. रॉबर्ट्स नाही. बुश टेक्सासला जाऊन चित्रं काढायला लागले आणि त्यांचा सरन्यायाधीश तिथेच आहे.

अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर काही ठिकाणी निळी पाटी दिसते, पाच तारे असलेली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाची. पंचतारांकित सेनापती होते ना ते. लोक त्यांना दुसऱ्या महायुद्धासाठी लक्षात ठेवतात, नाहीतर या रस्त्यांसाठी. पण मला विचाराल तर त्यांनी रस्त्यांहून मोठी गोष्ट केली, आणि तिचा त्यांना फारसा आनंदही झाला नाही.

१९५३ च्या सप्टेंबरमध्ये सरन्यायाधीश व्हिन्सन अचानक वारले. आयझेनहॉवर यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन यांना नेमलं. स्वतःच्याच पक्षाचे, रिपब्लिकन. आठ महिन्यांत, १७ मे १९५४ ला, ब्राउन खटल्याचा निकाल आला. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य! नऊ विरुद्ध शून्य. एकमत व्हावं म्हणून वॉरन यांनी सहकाऱ्यांची मनं वळवली होती. आयझेनहॉवर यांनी या निकालाला मनापासून पाठिंबा दिल्याचं कधी दिसलं नाही, पण १९५७ मध्ये लिटल रॉकला नऊ काळ्या मुलांना शाळेत पोचवायला सैन्य त्यांनाच पाठवावं लागलं. हॉलिवूडच्या सिनेमात पोलीस बेड्या घालताना म्हणतो ना, तुला गप्प राहण्याचा हक्क आहे? तो मिरांडा खटल्याचा निकालही वॉरन यांनीच लिहिलाय, १९६६ चा.

आणि १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांनी विल्यम ब्रेनन यांना नेमलं. न्यू जर्सीचे, विरोधी पक्षाचे, कॅथलिक. निवडणूक तोंडावर होती, मतांचा विचार नव्हता असं कुणी मला सांगू नये. ब्रेनन १९९० पर्यंत कोर्टात होते आणि तिथल्या उदारमतवादी गटाचा कणा झाले. वर्तमानपत्रांनी सत्ताधाऱ्यांवर टीका करावी की नाही, याबद्दलचा १९६४ चा मोठा निकाल त्यांचा. जर्सी सिटीत त्यांच्या नावाचं कोर्ट आहे.

आता नमकहरामवाल्या काकांकडे येते. काका, नेमलं म्हणजे विकत घेतलं असं होत नाही. लग्न लावणाऱ्या भटजींना नंतर संसारात कुणी विचारतं का? मंगलाष्टकं झाली, दक्षिणा मिळाली, ते निघाले.

नाही पटलं? बरं, दुसरीकडून सांगते. आपल्याकडे सरकारी नोकराला दम द्यायचा तर काय म्हणतात? "गडचिरोलीला बदली करीन." (गडचिरोलीकरांनी माफ करावं. तुमचं जंगल सुंदर आहे, चूक दम देणाऱ्यांची आहे.) आता सांगा, अमेरिकेतल्या सुप्रीम कोर्टाच्या जजची बदली कुठे करणार? कोर्ट एकच. पगार कापणार? घटनेत मनाई आहे. काढून टाकणार? महाभियोग लागतो, आणि आजवर सुप्रीम कोर्टाच्या एकाच न्यायमूर्तीवर तो चालला, सॅम्युअल चेस यांच्यावर, आणि १८०५ मध्ये तेही सुटले. म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या हातात काठी नाही आणि लाडूही नाही. उपकार फेडायचे म्हटले तरी तो माणूस चार-आठ वर्षांत घरी जातो, जज मात्र तिथेच.

अजूनही नाही? मग निक्सन घ्या. निक्सन म्हणजे वॉटरगेट, विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घुसखोरीचं आणि ती लपवण्याचं प्रकरण. चिन्यांशी हस्तांदोलन वगैरे केलं, पण आठवतं काय, वॉटरगेट. त्यांनी चार न्यायमूर्ती नेमले होते. बर्गर, ब्लॅकमन, पॉवेल, रेन्क्विस्ट. त्या प्रकरणाच्या तपासात निक्सननी आपल्या खासगी बोलण्याच्या टेप द्यायच्या की नाही, हा खटला कोर्टात आला. रेन्क्विस्ट यांनी आधी निक्सनच्याच सरकारात काम केलेलं, म्हणून ते बाजूला झाले. उरले आठ, त्यातले तीन निक्सनचे. २४ जुलै १९७४, निकाल आठ विरुद्ध शून्य. टेप द्या! आणि निकाल लिहिला कुणी? निक्सननी नेमलेल्या सरन्यायाधीश बर्गर यांनी. पंधरा-सोळा दिवसांत निक्सन यांचा राजीनामा. याला नमकहरामी म्हणायचं की न्याय?

ट्रम्पचं तेच. डिसेंबर २०२० मध्ये टेक्सास राज्य चार राज्यांचे निवडणूक निकाल फिरवायला सुप्रीम कोर्टात गेलं. तीन न्यायमूर्ती ट्रम्पने नेमलेले. गोर्सच, कॅव्हनॉ, आणि जेमतेम दीड महिना आधी आलेल्या बॅरेट. कोर्टाने अर्ज ऐकून घ्यायलाच नकार दिला.

पण मी एकाच बाजूने बोलले तर तुम्ही खाली मला झोडणार, आणि ते योग्यच होईल. कारण जुने दिवस राहिले नाहीत. १९९० मध्ये थोरल्या बुशनी डेव्हिड साउटर यांना नेमलं आणि ते हळूहळू उदारमतवाद्यांकडे झुकले. रिपब्लिकन मंडळींनी याचा इतका धसका घेतला की 'आता साउटर नको' ही घोषणाच झाली. तेव्हापासून नाव सुचवण्याआधी माणसाचे जुने निकाल, लेख, भाषणं सगळं चाळून काढतात. त्याचं फळ २४ जून २०२२ ला दिसलं. गर्भपाताचा घटनात्मक हक्क देणारा १९७३ चा रो निकाल कोर्टाने मोडीत काढला. मोडणाऱ्या पाच जणांत ट्रम्पचे तिघंही. त्या दिवशी व्हाइट हाऊसमध्ये बायडेन बसले होते! ट्रम्प यांना पद सोडून दीड वर्ष होत आलं होतं. आणि तो जुना रो निकाल लिहिणारे ब्लॅकमन कुणी नेमलेले? निक्सननी. म्हणून माझा साधा आग्रह आहे, 'अमक्याचा जज' हा शब्द वापरताना थोडं अडखळा. पूर्ण सोडा असं म्हणत नाही, कारण बरेचदा त्यातून अंदाज बरोबर येतो. पण टेपच्या खटल्यात आला नसता.

एक राष्ट्राध्यक्ष मला या बाबतीत फार आवडतात, जेराल्ड फोर्ड. निक्सनना माफी देणारा माणूस एवढीच ओळख राहिली बिचाऱ्यांची. त्यांना एकच न्यायमूर्ती नेमता आला, जॉन पॉल स्टीव्हन्स, १९७५ मध्ये. स्टीव्हन्सही पुढे उदारमतवादी गटाचे ज्येष्ठ झाले. फोर्ड चिडले का? २००५ मध्ये त्यांनी पत्र लिहिलं, की माझ्या कारकिर्दीचा निवाडा इतिहासाने फक्त स्टीव्हन्स यांच्या नेमणुकीवरून केला तरी माझी तयारी आहे. नव्वदी पार केलेला माणूस हे लिहितोय. मला ते वाचताना भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

शेवटची कॉमेंट घेते, कारण खाली प्रेशर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येताहेत तुम्हालाही. एका दादांनी लिहिलंय, "कार्टर सगळ्यांत कमनशिबी, चार वर्षांत एकही जागा नाही." दादा, पहिला भाग खरा आहे. पूर्ण कार्यकाळ करूनही सुप्रीम कोर्टात एकही नेमणूक न मिळालेले ते एकटेच. कुणी वारलं नाही, कुणी निवृत्त झालं नाही, करणार काय. पण खालची कोर्टं विसरलात तुम्ही. १९७८ च्या कायद्याने तिथे १५२ नव्या जागा निघाल्या. कार्टर यांनी अडीचशेहून जास्त जज नेमले आणि त्यात चाळीसच्या आसपास स्त्रिया. त्याआधी केंद्रीय कोर्टात नेमलेल्या स्त्रिया हातांच्या बोटांवर मोजता येत होत्या. १९८० मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या अपील कोर्टावर एका बाईंना नेमलं. रूथ बेडर गिन्सबर्ग. तेरा वर्षांनी क्लिंटन यांनी त्यांना वर नेलं.

आणि दुसरं नाव स्टीफन ब्रेयर, बॉस्टनच्या अपील कोर्टावर. सिनेटने त्यांना मंजुरी दिली डिसेंबर १९८० मध्ये. म्हणजे कार्टर रेगनकडून हरल्यानंतर, अगदी अ‍ॅडम्ससारखंच. हेही पुढे सुप्रीम कोर्टात गेले, १९९४ मध्ये. २०२२ च्या जूनअखेर ब्रेयर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आल्या केटान्जी ब्राउन जॅक्सन, ज्यांनी तरुणपणी त्यांच्याच हाताखाली काम केलं होतं. ब्रेयर थकून घरी गेले तेव्हा प्लेन्स गावात कार्टर ९७ वर्षांचे होते, आणि जिवंत होते.

चला, कुकर उतरवते.