कॉलर आणि टाका : पोलो शर्ट व लोफर निवडताना

(टेबलावर दोन निळे पोलो शर्ट शेजारी शेजारी पसरलेले आहेत.)

पडद्यावर दिसणारे हे दोन्ही शर्ट एकाच मापाचे आहेत, आणि चित्रीकरणापूर्वी आम्ही ते एकाच यंत्रात तीस वेळा धुतले आहेत. डावीकडच्या शर्टाची कॉलर आजही मानेभोवती नीट बसते. उजवीकडच्या कॉलरची टोके मात्र वाळलेल्या पानासारखी मुडपली आहेत आणि इस्त्री फिरवूनही ती फार वेळ सरळ राहत नाहीत. नवे असताना या दोघांतला फरक आमच्याही लक्षात आला नव्हता, कारण तेव्हा नजर रंगावर आणि छातीवरच्या चिन्हावर खिळली होती. पोलो शर्ट घेताना हात आधी कॉलरला लागावा आणि लोफर, म्हणजे बिनलेसचा बूट, घेताना पंजावरच्या टाक्याला, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ते पटवून द्यायचे तर या दोन्ही वस्तू तयार कशा होतात, तिथूनच सुरुवात करावी लागेल.

(भिंगाखाली कापड. सुईचे टोक एका उंचवट्यावर ठेवलेले आहे.)

पोलो शर्टाचे कापड ताण्याबाण्याच्या मागावर तयार होत नाही; ते स्वेटरसारखे सुयांवर, फासात फास गुंतवून विणले जाते. त्यातल्या ज्या विणीला पिके म्हणतात, ती भिंगाखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते. यंत्रातल्या ठरावीक सुया एका फेरीत जुना फास सोडत नाहीत, त्यावरच नवा फास चढवून घेतात आणि पुढच्या फेरीत दोन्ही एकदम विणतात. ज्या जागी फास असे दुहेरी होतात, तिथे कापडावर उंचवटा येतो आणि त्याच्या बाजूला बारीक पोकळी राहते. कापड अंगाला पूर्ण चिकटत नाही, घाम साचत नाही आणि वारा आरपार जातो, ते याच उंचवट्यांमुळे. साध्या टी-शर्टाची जर्सी वीण मऊ आणि सुळसुळीत असते, पण ती अंगाचा प्रत्येक वळसा उघड करते. पिके कापड स्वतःचा आकार थोडाफार धरून ठेवते, आणि कॉलर असलेल्या शर्टाला तेच शोभते. चौरस मीटरला साधारण १८० ते २४० ग्रॅम वजनाचे पिके कापड बहुतेक शर्टांना वापरले जाते. त्यातले हलके कापड उन्हाळ्यात सुखाचे वाटते आणि जड कापडाची घडी अधिक रेखीव पडते.

(जुन्या छायाचित्रांची मालिका.)

या शर्टाला पोलो म्हणत असले तरी त्याचा आजचा घाट टेनिसच्या मैदानावर ठरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे टेनिसपटू लांब बाह्यांचे, मागावरच्या कापडाचे सदरे घालून खेळत आणि खेळता खेळता बाह्या दुमडून वर सारत. फ्रान्सच्या रेने लाकोस्त याने १९२६ साली अमेरिकन अजिंक्यपद जिंकले, तेव्हा त्याच्या अंगात आखूड बाह्यांचा, पिके विणीचा पांढरा शर्ट होता. मऊ कॉलर उभी केली की मानेवर ऊन लागत नसे, आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा लांब असल्याने चेंडूसाठी वाकताना शर्ट विजारीतून निसटत नसे. पुढे १९३३ मध्ये विणमालाचा कारखानदार आंद्रे जिलिए याच्यासोबत लाकोस्तने हा शर्ट बाजारात आणला. त्याचे नाव होते एल.१२.१२. त्यातला एल लाकोस्तचा, एक हा आकडा पिके विणीचा, दोन आखूड बाह्यांचा आणि शेवटचे बारा हा पसंत पडलेल्या नमुन्याचा क्रमांक. वृत्तपत्रांनी लाकोस्तला दिलेल्या टोपणनावावरून रॉबेर जॉर्ज या मित्राने काढलेली मगर या शर्टाच्या छातीवर आली. विम्बल्डन १९३४ ते १९३६ असे लागोपाठ तीन वर्षे जिंकणाऱ्या फ्रेड पेरीच्या नावाचा शर्ट १९५२ मध्ये निघाला, आणि रॅल्फ लॉरेनने १९७२ मध्ये हाच घाट अनेक रंगांत आणला. पोलो हा शब्द मात्र या सर्वांहून जुना आहे. घोड्यावरून खेळणारे पोलोपटू कॉलर तोंडावर फडफडू नये म्हणून तिची टोके अडकवून ठेवीत. ते पाहून ब्रूक्स ब्रदर्सने १८९६ मध्ये टोकांना बटणे असलेली कॉलर काढली आणि तिला पोलो कॉलर म्हटले. टेनिसचा मऊ शर्ट पोलोपटूंनीही आपलासा केल्यावर ते नाव त्यालाही मिळाले. लाकोस्तची मगर, पेरीचा पर्णमुकुट किंवा लॉरेनचा घोडेस्वार यांचा इतिहास रंजक आहे खरा, पण कापड कसे आहे हे त्यातले एकही चिन्ह सांगत नाही.

(हात कॉलरची कड अंगठ्याखाली दाबून सोडतो.)

आता पुन्हा त्या दोन कॉलरांकडे येऊ. विणलेली कॉलर अंगाच्या कापडातून कापलेली नसते; ती वेगळ्या सपाट यंत्रावर पट्टीसारखी विणून नंतर गळ्याला जोडतात. वीण घट्ट असेल, सूत पुरेसे जाड असेल आणि गळ्याची शिवण आतून पट्टी लावून झाकलेली असेल, तर कॉलर टिकते. दुकानात तिची कड अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच ताणा आणि सोडा. ती लगेच मूळ जागी आली तर ठीक, आणि लाटेसारखी वाकडी राहिली तर तो शर्ट परत ठेवावा. जाकिटाखाली घालायचा असेल, तर अंगाच्याच कापडाची आणि आतून अस्तर लावलेली कॉलर अधिक चांगली, कारण ती जाकिटाच्या कॉलरखाली चपटी होत नाही. त्यानंतर बटणपट्टी पाहावी; बटणे लावल्यावर ती सरळ रेषेत पडली पाहिजे, दोन बटणांच्या मध्ये फुगा येता कामा नये. शेवटी शर्ट उलटा करून बगलेजवळची शिवण पाहावी, कारण शर्ट उसवायला सुरुवात बहुधा तिथूनच होते.

मापाच्या बाबतीत खांदा निर्णायक ठरतो. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर आली पाहिजे. ती दंडावर उतरली तर शर्ट मोठा आहे, आणि पोट आत घेऊन किंवा बाह्या ओढून त्यावर उपाय होत नाही. बाही दंडाच्या मध्यावर थांबावी आणि तिच्यात एक-दोन बोटे सहज जावीत. शर्ट बाहेर सोडायचा असेल तर त्याची खालची कड विजारीच्या चेनच्या मध्यापर्यंत येणे पुरेसे आहे. मागची बाजू फार लांब असेल, तर तो शर्ट खोचण्यासाठीच बेतलेला आहे असे समजावे. सुती विणकाम पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडे आटते, त्यामुळे लांबीला अगदी काटेकोर बसणारा शर्ट घेऊ नये.

(कार्यशाळा. लाकडी साच्यावर ओले चामडे ताणून बसवले जात आहे.)

या चित्रीकरणात आम्ही सर्वाधिक वेळ घालवला तो इथे. पायाच्या आकाराच्या या लाकडी साच्याला कारागीर कलबूत म्हणतात. साध्या बुटात वरचे चामडे कलबुतावर ओढून त्याच्या कडा तळाशी दुमडतात. खऱ्या मोकासिन पद्धतीच्या लोफरमध्ये याच्या उलट घडते. चामड्याचा एक सलग तुकडा तळपायाखालून झोळीसारखा वर येतो, आणि पंजावर त्याच्या कडांना दुसरा लहान तुकडा हाताने शिवून ती झोळी बंद केली जाते. कारागीर आधी चामडे भिजवतो, म्हणजे ते हवे तसे ताणता येते. मग आरीने दोन्ही तुकड्यांतून जाणारे एक तिरपे भोक पाडतो. मेणवलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया आहेत. एक सुई डावीकडून आणि दुसरी उजवीकडून त्याच भोकातून जाते, आणि मग दोन्ही हात एकाच वेळी बाहेर खेचले जातात. दोरा ताणला जाताना होणारा हा करकर आवाज आम्ही जसाच्या तसा ठेवला आहे.

बोटांच्या बाजूला आल्यावर काम अवघड होते, कारण खालचा तुकडा वरच्यापेक्षा लांब असतो आणि ही जादा लांबी कुठेतरी सामावून घ्यावीच लागते. कारागीर प्रत्येक टाक्यागणिक तिची बारीकशी चुणी धरतो. चुण्या सारख्या पडल्या नाहीत तर बुटाचे तोंड वाकडे दिसते. इथे त्याने एक टाका घातला, क्षणभर पाहिला आणि उसवून पुन्हा घातला. आम्हाला मात्र पहिल्या टाक्यातला दोष दिसला नव्हता. बाजारातल्या पुष्कळ लोफरांवर हा टाका केवळ शोभेसाठी असतो आणि त्याखाली चामडे साध्या बुटासारखेच दुमडलेले असते. त्यात फसवणूक आहे असे नाही, पण झोळीसारख्या बांधणीमुळे पायाला मिळणारा मऊपणा त्यात नसतो. बोटांपाशी चुण्या खोल आणि जिवंत दिसल्या, प्रत्येक चुणीत एकेक टाका रुतलेला दिसला, तर ती शिवण खरोखर भार उचलते आहे असे समजावे.

(नॉर्वेतील डोंगर आणि पाण्याची जुनी छायाचित्रे.)

हा घाट नॉर्वेतल्या आउरलांड या खेड्यातून जगभर गेला. तिथल्या निल्स ग्रेगोरियुसोन त्वेरांगेर या चर्मकाराने तरुणपणी उत्तर अमेरिकेत राहून हा व्यवसाय शिकला होता. परतल्यावर त्याने १९३० च्या सुमारास बिनलेसचा मोकासिन बूट तयार केला. तो बूट अमेरिकेत पोहोचला, आणि मेन राज्यातल्या जी. एच. बास या कंपनीने १९३६ मध्ये आपला लोफर काढताना नॉर्वेजियन या शब्दाचे शेपूट उचलून त्याचे नाव वीजन्स ठेवले. पंजावरच्या आडव्या पट्टीतल्या चिरेत विद्यार्थी नाणे खोचू लागले, त्यावरून पेनी लोफर हे नाव रूढ झाले. गुच्चीने १९५३ मध्ये त्या पट्टीच्या जागी लगामाच्या कडीसारखी धातूची कडी बसवली. गोंड्यांचा लोफर अमेरिकेतच निघाला. पोलो शर्टासोबत या तिघांत पेनी लोफर सर्वांत सहज बसतो, कारण दोन्ही वस्तू साध्या आहेत आणि दोघींची शोभा बांधणीतून येते. चकचकीत कडी शर्टाच्या मऊ कापडाशेजारी जरा जास्त बोलते, असे आमचे मत आहे.

(पाय बुटात सरकतो, टाचेचे जवळून दृश्य.)

लोफरला लेस नसल्याने मापातली चूक आवळून झाकता येत नाही. पाय दिवसभरात थोडे फुगतात, म्हणून माप दुपारनंतर पाहावे, आणि जसे मोजे घालणार तसेच घालून किंवा न घालता पाहावे. नवा लोफर पंजावर घट्ट लागला पाहिजे, पण बोटे पुढे टेकता कामा नयेत. चामडे रुंदीला सैलावते, लांबीला नाही. चालताना टाच किंचित उचलली गेली तर काळजी नको, कारण बुटाचा तळ वाकू लागला की ते कमी होते. मात्र बूट टिकवण्यासाठी पायाची बोटे आखडावी लागत असतील, तर तो मोठा आहे. चामड्याची वरची मूळ कातडी शाबूत असेल तर वाकवल्यावर बारीक, मऊ सुरकुत्या पडतात. रंगाचा जाड थर देऊन गुळगुळीत केलेल्या चामड्यावर जाड घडी पडते आणि कालांतराने तिथेच तडा जातो. तळ शिवलेला असेल तर झिजल्यावर नवा बसवता येतो. केवळ चिकटवलेला तळ सुटला की बहुतेक जोड कचऱ्यात जातात, आणि असे जोड फार आहेत.

(आरशासमोर एक व्यक्ती, डोक्यापासून पायापर्यंत.)

दोन्ही वस्तू एकत्र घालताना विजारीची लांबी सर्वांत आधी ठरवावी. कड बुटाच्या वरच्या भागाला जेमतेम टेकावी. पायाशी कापडाचा ढीग झाला तर ज्या टाक्यासाठी एवढे कष्ट घेतले तो दिसतच नाही. गडद निळा किंवा पांढरा शर्ट, राखाडी किंवा खाकी सुती विजार आणि गडद तपकिरी लोफर एवढ्यावर बहुतेक प्रसंग निभावतात, म्हणून पहिला जोड तपकिरीच घ्यावा. स्वेडचा, म्हणजे लव असलेल्या चामड्याचा लोफर पिकेच्या खरबरीत पोताला विशेष शोभतो. शर्ट खोचला तर पट्टा बुटाच्या रंगाच्या जवळचा असावा. वरचे एक बटण मोकळे ठेवावे, आत बनियन असेल तर ते गळ्यातून डोकावू नये, आणि कॉलर उभी करण्याचे कारण उन्हापुरतेच होते हे लक्षात ठेवावे. मोजे न घालणाऱ्यांनी कडेखाली लपणारे आखूड मोजे घालावेत, कारण घाम अस्तरात मुरला की चामडे आतून कडक होते.

(शर्ट उलटा करून पाण्यात सोडला जातो.)

धुताना शर्ट उलटा करावा, बटणे लावून घ्यावीत आणि पाणी थंड ठेवावे. ओला शर्ट हँगरला टांगला की स्वतःच्याच वजनाने लांबतो आणि खांद्यावर दोन टेंगळे येतात. तो सपाट पृष्ठभागावर पसरावा, कॉलर बोटांनी सरळ करावी आणि सावलीत वाळवावा. लोफरचा एकच जोड रोज घालू नये. दिवसभराचा ओलावा निघून जायला त्याला किमान एक दिवस लागतो, आणि तेवढा वेळ आत लाकडी साचा ठेवला तर पंजावरच्या सुरकुत्या उलगडतात.

(कार्यशाळेत संध्याकाळ. निवेदन थांबण्यापूर्वी आरीचा आवाज.)

डाव्या पायाचा शेवटचा टाका आता होतो आहे. कारागीर दोरा दोन्ही बाजूंनी ओढतो, टोके रापीने कापतो आणि हातोडीच्या पाठीने शिवण हलकेच ठोकून बसवतो. चामडे अजून ओले आहे, त्यामुळे ते पूर्ण सुकेपर्यंत बूट कलबुतावरच राहील. उजव्या पायाचे चामडे शेजारच्या पाण्यात भिजते आहे.