रायनर ब्राउन : मागून कळलेला माणूस

मित्रहो, हाजिमे इसायामा यांची ‘अटॅक ऑन टायटन’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००९ ते २०२१ या काळात मासिकातून आली, १३९ प्रकरणं. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांचा रहस्यभंग होणार आहे, हे आधीच सांगतो. कारण मला बोलायचंय ते रायनर ब्राउनबद्दल, आणि त्याची फितुरी लपवून त्याच्याबद्दल काहीच बोलता येत नाही.

या कथेत माणसं खाणाऱ्या टायटन नावाच्या राक्षसांपासून वाचायला लोक उंच भिंतींच्या आत राहतात, सैनिक टायटनशी लढतात, आणि काही मोजकी माणसं स्वतःच टायटन होऊ शकतात. रायनर म्हणजे सैनिकांच्या तुकडीतला थोरला भाऊ. घाबरलेल्याला धीर देणार, कुणी टायटनच्या तावडीत सापडला तर स्वतःचा हात पुढे करणार. आणि ४२व्या प्रकरणात, भिंतीवर उभा असताना, तो कथेचा नायक आणि आपला सोबती एरेन याला सहज बोलल्यासारखं सांगतो : पाच वर्षांपूर्वी भिंत फोडणारे आम्हीच, चिलखती टायटन मी, आणि महाकाय टायटन हा शेजारी उभा असलेला आपला सोबती बर्टोल्ट. आवाज चढत नाही. वाचणारा पान उलटून पुन्हा मागे येतो.

मागे आल्यावर त्याला पडक्या किल्ल्यातला डबा दिसतो. तुकडीतल्या यमिर या मुलीला मासळीचा एक डबा सापडतो, त्यावरचं ती वाचते, ती लिपी रायनरच्या मुलखातली असते, आणि रायनर चमकतो : ही लिपी तुला येते? पहिल्या वाचनात आपण हे रात्रीच्या जेवणाचं बोलणं म्हणून सोडून दिलेलं असतं.

पण इसायामा तेवढ्यावर थांबत नाहीत. तुकडीतल्याच मार्कोचं प्रेत आपण फार आधी पाहिलेलं असतं. तो कसा मेला हे ७७व्या प्रकरणात कळतं. रायनरनेच त्याला दाबून धरलेलं असतं. टायटन त्याला खात असताना हाच रायनर रडत विचारतो, मार्कोला का खातायत? हे ढोंग नाही. एका माणसात सैनिक आणि घातकी असे दोघं राहतायत, आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही.

याचं मूळ आणखी उशिरा येतं, कथा समुद्रापलीकडे मार्ले या रायनरच्या देशात गेल्यावर. भिंत फोडायला तिथून पाठवलेल्या मुलांच्या मोहिमेचा म्होरक्या मार्सेल होता. त्याला टायटनने गिळलं तेव्हा रायनर पळाला. मोहिमेतले उरलेले दोघे, ॲनी आणि बर्टोल्ट, माघारी जायचं म्हणतात, तेव्हा तो म्हणतो : तुम्हाला मार्सेल हवा असेल, तर मी मार्सेल होतो. माझ्या मते सगळ्या मांगातलं हे सर्वांत भेदक वाक्य आहे. ज्या थोरल्या भावावर आपण जीव लावला, तो मेलेल्या मुलाची नक्कल होता!

हीच हकीकत सरळ क्रमाने, लहानपणापासून सांगितली असती तर रायनरची आपल्याला पहिल्यापासून कीव आली असती. इथे आधी विश्वास बसतो, मग संताप येतो, आणि कीव येते तेव्हा संताप विरलेला नसतो. पक्ष बदलतो तो वाचकाचा. म्हणूनच १००व्या प्रकरणात एरेनसमोर गुडघे टेकून, सगळा दोष माझा, असं रायनर म्हणतो तेव्हा त्याला माफ करायला मन धजत नाही, आणि शिक्षा द्यायलाही नाही.